रेल्वे आली नाही, तरी गाव राहिले



११ एप्रिलला आपल्या शाळेत महात्मा फुले जयंती झाली. तेव्हा गुरुजींनी सांगितले की, जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना ते अर्पण केले. मी हात वर करून विचारले, "गुरुजी, सुटलेले गुलाम मग गेले कुठे? त्यांना घर कुणी दिलं? शेत कुणी दिलं?" गुरुजी म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. आता तूच शोध आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून हा लेख.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. माणसे मोकळी झाली, पण हातात काही नव्हते. ज्या मालकाच्या शेतात राबायचे, त्याच्याच शेतात पुन्हा वाट्याने राबायची वेळ आली. वर मारहाण आणि दहशत होतीच. स्वतःची जमीन असल्याशिवाय मान वर करता येत नाही, हे त्यांना कळून चुकले.

नकाशात अमेरिकेच्या बरोबर मध्यावर कॅन्सस नावाचे राज्य आहे. सगळा सपाट, गवताळ माळ. तिथे सरकारचा १८६२ सालचा कायदा होता की, जो पाच वर्षे राहून जमीन कसेल त्याला १६० एकर मिळेल. (त्या माळावर आधी मूळचे आदिवासी लोक राहत होते. त्यांना हटवून ती जमीन मोकळी केली होती, हेही ध्यानात ठेवावे.) १८७७ साली डब्ल्यू. आर. हिल हा गोरा गृहस्थ, डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे धर्मोपदेशक आणि आणखी काही जणांनी मिळून तिथे काळ्या लोकांचे गाव वसवायचे ठरवले. गावाचे नाव निकोडेमस. चला, आपले गाव करू, अशी पत्रके वाटली.

त्याच वर्षी सप्टेंबरात केंटकी राज्यातून तीनशेच्या आसपास माणसे निघाली. रेल्वेने एलिस स्टेशनपर्यंत आली. पुढे पन्नास-पंचावन्न किलोमीटर गाडीरस्त्याने, बरीचशी पायीच. पोचल्यावर पाहतात तो गाव कुठेच नाही! माळावर झाड नाही, मग लाकूड कुठले? आधी आलेल्या लोकांनी जमिनीत खड्डे खणून त्यातच संसार मांडले होते. दुसऱ्या वर्षी आलेल्या विलियाना हिकमन या बाईंनी पुढे सांगितले आहे की, नवऱ्याने बोट दाखवले तिकडे पाहिले तर जमिनीतून नुसता धूर वर येत होता. ते पाहून त्यांना रडूच कोसळले.

हे मी आजीला वाचून दाखवले. आजी म्हणाली, "अगं, मग चुलीत घालायचे काय?" मी सांगितले, रानगव्यांच्या वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या आणि सूर्यफुलाची धाटं. आजी हसली. म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की!"

काही कुटुंबे परत फिरली. जी राहिली त्यांच्याकडे नांगर नव्हते आणि घोडे तर अगदी मोजके. कुदळ-फावड्याने जमीन फोडली. पहिल्या थंडीत धान्य संपले तेव्हा शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्यातले मांस त्यांना दिले, असे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ज्यांची स्वतःची जमीन गेली होती त्यांनी परक्यांना जगवले. मला ही गोष्ट फार मोठी वाटली.

हळूहळू गाव उभे राहिले. दुकाने, हॉटेल, प्रार्थनामंदिरे, दोन वर्तमानपत्रे, बेसबॉलचा संघ आणि शाळा. गावच्या पहिल्या शिक्षिका म्हणून जेनी फ्लेचर यांचे नाव सांगतात. याच गावात राहिलेले एडवर्ड मॅकेब हे १८८२ साली निवडून येऊन राज्याचे हिशेब तपासनीस झाले. कॅन्ससात राज्यपातळीवर निवडून आलेले ते पहिले काळे गृहस्थ.

आता दुःखाची गोष्ट. गाव वाढायचे तर रेल्वे हवी. धान्य बाजारात न्यायचे कसे? १८८७ साली गावकऱ्यांनी मतदान करून रेल्वे कंपनीसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. गरीब लोकांनी एवढी मोठी रक्कम कबूल केली. तरी बोलणी फिसकटली. १८८८ साली दुसऱ्या कंपनीचे रूळ नदीच्या पलीकडून गेले आणि आठ-दहा किलोमीटरवर बोग नावाचे नवे गाव झाले. दुकानदारांनी दुकाने उचलली आणि तिकडे नेली. पुढे १९३० नंतर दुष्काळ आणि धुळीची वादळे आली. तरुण माणसे शहरात गेली. १९५३ साली टपाल कचेरी बंद झाली. मुले उरली नाहीत तशी शाळाही बंद पडली. आज तिथे पंचवीससुद्धा माणसे राहत नाहीत.

मग गाव संपले का? नाही. गुलामगिरीतून सुटल्याचा उत्सव हे लोक सुरुवातीपासून करतात. अजूनही दरवर्षी जुलैअखेरीस दूरदूरच्या शहरांतून त्यांची लेकरे, नातवंडे, पणतवंडे निकोडेमसला येतात. मिरवणूक निघते, पंगती बसतात, म्हातारी माणसे जुन्या गोष्टी सांगतात, रविवारी सगळे मिळून प्रार्थना करतात. गावकऱ्यांनी चिकाटी धरली म्हणून १९९६ साली सरकारने गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवले. त्यात पाच इमारती आहेत. दोन प्रार्थनामंदिरे, हॉटेल, १९३९ साली बांधलेले दगडी सभागृह, आणि पाचवी १९१८ सालची शाळा.

हे लिहिताना मला आपलेच गाव दिसत होते. नवा रस्ता आपल्या गावाला वळसा घालून गेला. फाट्यावर दुकाने झाली. माझ्या वर्गात पहिलीत आम्ही अठरा होतो, आता सात आहोत. शाळा दुसऱ्या शाळेत मिळवणार, असे मोठी माणसे पारावर बोलतात ते आम्ही ऐकतो. कोण काय ठरवणार ते आम्हा मुलांना कळत नाही.

पण आपल्याही गावाची जत्रा असते. पुण्या-मुंबईची माणसे येतात, देवाला नारळ फोडतात, जेवतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. माझी एक विनंती आहे. यंदा जत्रेच्या दिवशी शाळा उघडी ठेवावी. सर्वांनी तासभर इथे यावे, आपल्या वर्गात बसावे आणि आपण कुठल्या साली शिकलो ते आम्हाला सांगावे. आम्ही वहीत लिहून घेऊ. आजीने पहिले नाव द्यायचे कबूल केले आहे. ती फक्त दुसरीपर्यंत शिकली, तरी चालेल ना?

चूकभूल द्यावी घ्यावी.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी