पुस्तकाच्या पाठीवरील काळ्या रेघा

ग्रंथालयातील एखादे नवे पुस्तक पालथे करून पाहावे. मलपृष्ठाच्या कोपऱ्यात कमी-अधिक जाडीच्या काळ्या रेघा व त्यांखाली तेरा अंक छापलेले आढळतात. या रेघांना ‘बारकोड’ म्हणतात आणि अंकांना ‘आय. एस. बी. एन.’ म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील शाळेस मराठी पुस्तके बहुधा पुण्या-मुंबईहून मागवावी लागतात. एका पुस्तकाच्या आवृत्त्या अनेक असतात. मागणीपत्रात एक अंक चुकला की भलतेच पुस्तक दारी यायचे! ही आपत्ती टाळण्याची योजना त्या क्रमांकातच केलेली आहे.

हा क्रमांक १९७० साली आंतरराष्ट्रीय झाला, तेव्हा तो दहा अंकी होता; १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला. आरंभीचे ९७८ किंवा ९७९ हे अंक ‘ही वस्तू पुस्तक आहे’ असे सांगतात. पुढे देशाचा वा भाषेचा गट येतो. भारताचे गट ८१ व ९३ हे आहेत. नंतर प्रकाशक, मग पुस्तक आणि शेवटी पडताळ्याचा अंक.

हा पडताळा कसा पाहावयाचा? समजा, पहिले बारा अंक ९७८८१२३४५६७८ असे आहेत. त्यांस डावीकडून क्रमाने १, ३, १, ३ असे गुणून बेरीज केली की १३८ येते. पुढील दशकास, म्हणजे १४० ला, २ कमी पडतात. म्हणून तेरावा अंक २. आता कोणी ३ च्या जागी ८ लिहिले, तर एकूण बेरीज १४५ होते. तिला दहाने निःशेष भाग जात नाही आणि चूक उघडी पडते. एका अंकाची चूक अशी नेहमीच सापडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर तेही बहुधा कळते. मात्र त्या दोहोंत ५ चे अंतर असल्यास ती चूक निसटते.

रेघांची रचना याहूनही मनोरंजक आहे. संपूर्ण आकृती ९५ समान रुंदीच्या उभ्या घरांची असते. दोन्ही कडांस तीन-तीन व मध्ये पाच घरे खुणेची. उरलेल्या ८४ घरांत प्रत्येकी सात घरांचे बारा अंक बसतात. मग तेरावा कोठे गेला? डाव्या सहा अंकांतील काळ्या घरांची संख्या काहींत विषम, तर काहींत सम ठेवतात. विषम, सम, सम, विषम, सम, विषम असा क्रम आला की आरंभीचा अंक ९ समजावा. रेघ न ओढताच नऊ लिहिला जातो! उजवीकडील सर्व अंक सम असतात आणि डावीकडचा पहिला नेहमी विषम. त्यामुळे पुस्तक उलटे धरले तरी यंत्र फसत नाही.

मनुष्य चुकणारच, हे आधीच ओळखून केलेली ही योजना आहे. गणित सोडविल्यावर पडताळा पाहण्याचा कंटाळा करणाऱ्या आपणां विद्यार्थ्यांना या मूक रेघा बरेच काही शिकवतील.