जुन्या गाडीची बॅटरी का उतरते?

२०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास आईला धाप लागली. तिला धरून गाडीत बसवले, किल्ली फिरवली, तर नुसता ‘टक्’ असा आवाज आला आणि गाडी गप्प. शेजारच्या दादांनी रिक्षा काढली म्हणून वेळेत दवाखाना गाठता आला. ती बॅटरी अवघ्या चार महिन्यांपूर्वी घेतलेली होती आणि वर्षभरातली ती दुसरी होती. प्रत्येक वेळी मेकॅनिकने एकच निदान केले होते, “बॅटरी गेली, नवी टाका.”

मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. विजेचे शास्त्र मी शिकलेलो नाही. पण खात्यात शिल्लक राहत नसेल तर पासबुक बदलून उपयोग नसतो, जमा आणि नावे तपासावे लागते, एवढे मला कळते. बॅटरीचेही तसेच आहे. ती उतरण्याची मुख्य कारणे तीन : बॅटरीच साठवत नाही, चालत्या गाडीत ती भरली जात नाही, किंवा बंद गाडीत कुणीतरी गुपचूप करंट खात असते. हे शोधायला एक साधा मल्टिमीटर पुरतो.

१) बॅटरी : गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दोन्ही टर्मिनलवर मीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग स्टार्टर मारताना दुसऱ्याला मीटर पाहायला सांगावे. भरलेली बॅटरी त्या क्षणी साडेनऊच्या खाली गेली, तर तिच्यात दम उरलेला नाही असे समजावे. आपल्याकडे नाशिक-निफाडच्या थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिनचे ऑईलही घट्ट होते. म्हणून उन्हाळ्यात लपलेला दोष डिसेंबरात उघडा पडतो. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवावा आणि क्लॅम्प घट्ट आवळावेत. बॉडीला जोडलेली अर्थची वायरही पाहावी. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, नळाचे पाणी किंवा ॲसिड नाही.

२) चार्जिंग : किल्ली ‘ऑन’ केल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर त्याचा बल्ब पाहावा. अनेक जुन्या गाड्यांत त्याच बल्बातून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. इंजिन चालू असताना मीटर १३.८ ते १४.५ दाखवत असेल तर चार्जिंग ठीक आहे. १३ च्या खाली असेल तर आधी बेल्ट सैल आहे का ते पाहावे, मग अल्टरनेटरकडे वळावे. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे. जुन्या पद्मिनीत डायनामो असे. तो हळू चालणाऱ्या गाडीत फारसा करंट देत नसे, हे जुने ड्रायव्हर जाणतात.

३) चोरटा खर्च : माझ्या गाडीत पहिल्या दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या. मग किल्ली काढली, दारे बंद केली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून मध्ये जोडला. या वेळी स्टार्टर मारायचा नाही, नाहीतर मीटर जळतो. अशा जुन्या गाडीत ०.०५ अँपिअरपर्यंतचा खर्च चालतो. माझा मीटर ०.४ दाखवत होता. एकेक फ्यूज काढून पाहावा, ज्याने आकडा खाली येईल त्या वायरीत चोर असतो. मी सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलला नाही. याचा अर्थ खर्च फ्यूजबॉक्सच्या बाहेरून होत होता. वायर धरत मागे गेलो, तेव्हा टेपसाठी बसवलेला अँप्लिफायर थेट बॅटरीला जोडलेला सापडला. तो किल्ली काढली तरी चालूच राही.

आता हिशेब पाहा. ०.४ अँपिअर म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवरच्या वर खर्च. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची आहे. ती साडेतीन-चार दिवसांत रिकामी होणारच. मी रोज स्कूटरने बँकेत जातो, गाडी रविवारीच निघते. पहिली बॅटरीही वारंवार पूर्ण उतरूनच निकामी झाली असावी.

काही पथ्ये सांगतो. बॅटरीजवळ काडी किंवा विडी पेटवू नये, तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो. सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. ॲसिड डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने डोळे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग पाहण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, त्याने अल्टरनेटरचे डायोड जातात.

अँप्लिफायरची ती वायर काढून टाकायला दहा मिनिटे लागली, पैसे काहीच लागले नाहीत. त्यापूर्वी दोन बॅटऱ्यांचा खर्च झाला होता. आयटीआयला जाणाऱ्या आपल्या मुलांना एवढेच सांगेन की गिऱ्हाइकाला नवी वस्तू सुचवण्याआधी मीटर लावा, आकडा त्यालाही दाखवा. आणि सभासदांनी आज रात्री नाही, पण येत्या रविवारी आपली गाडी एकदा तपासून घ्यावी. अडचणीची रात्र सांगून येत नाही.