एकेरी तिकिटाचं सासर

मुलगी सासरी निघते त्या क्षणाला आमच्या घरात 'रुखसती' म्हणतात. शेजारच्या घरात 'पाठवणी'. शब्द कुठलाही घ्या, दारात उभी असलेली आई त्यात येतेच. पण जगात अशाही पाठवण्या झाल्या आहेत, की ज्यांचा सगळा बंदोबस्त सरकार आणि लष्कर यांनी केला. दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशात आलेल्या परक्या सैनिकांशी लग्न करून त्यांच्या मुलखात गेलेल्या या मुली. इंग्रजीत त्यांना 'वॉर ब्राइड' म्हणतात, आपण युद्धवधू म्हणू. एकट्या कॅनडात १९४२ ते १९४८ या काळात सुमारे ४८ हजार युद्धवधू गेल्या, आणि त्यांच्यासोबत जवळजवळ २२ हजार मुलं. बहुतेक जणी ब्रिटिश होत्या, काही हॉलंड-बेल्जियमच्या.

इतकी लग्नं का झाली? कॅनडाच्या फौजा डिसेंबर १९३९ मध्येच ब्रिटनमध्ये उतरल्या. पण त्यांतल्या बहुतेकांना मोठ्या लढाईचं तोंड दिसलं ते १९४३ मध्ये इटलीत नाहीतर १९४४ मध्ये नॉर्मंडीत. मधली वर्षं सराव, पहारा आणि सुटीच्या संध्याकाळी गावातला नाच. लग्नाला वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागे. ती मिळायची.

युद्ध संपल्यावर या सगळ्यांना पोहोचवायचं कसं? लंडनमध्ये १९४४ पासून त्यासाठी खास कचेरी होती. फेब्रुवारी १९४६ मध्ये 'मॉरिटेनिया' हे मोठं जहाज लिव्हरपूलहून बायकामुलांना घेऊन हॅलिफॅक्स बंदराच्या २१ नंबरच्या धक्क्याला लागलं, आणि मग जहाजांची रांगच लागली. प्रवास फुकट होता. जहाजावर पांढराशुभ्र पाव बघून मुली हरखल्या, कारण मायदेशी कित्येक वर्षं भुरकट सरकारी पाव आणि आठवड्याला एक अंडं. तेही मिळालं तर.

धक्क्यावरून आगगाडी. ज्यांचं सासर सस्कॅचवानसारख्या प्रांतात, त्यांना कित्येक दिवस गाडीत काढावे लागत. खिडकीबाहेर बर्फ, मग जंगल, मग पुन्हा बर्फ, आणि शेवटी प्रेअरी, म्हणजे क्षितिजापर्यंत सपाट मैदान. नवऱ्याने 'आमची शेती आहे' एवढंच सांगितलेलं. तो खोटं बोलला नव्हता. पण शेती म्हटल्यावर इंग्रज मुलीच्या डोळ्यांपुढे हिरवं कुरण, दगडी घर, जवळ चर्च आणि दुकान. इथे सरकारने वसाहतीसाठी वाटलेल्या जमिनीचा एकेक तुकडा १६० एकरांचा! शेजारीण हाकेच्या टप्प्यात नाही. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंश. घरात वीज नाही, नळ नाही. पाणी विहिरीचं, चूल लाकडाची नाहीतर कोळशाची, संडास अंगणापलीकडे. आपल्याकडच्या खेड्यातल्या बाईला यात काही नवल वाटणार नाही, पण लंडनच्या कचेरीत टंकलेखन करणाऱ्या मुलीने चूल पेटवायची कुठून शिकावी?

तिला शिकवायची ती सासूने. आणि इथे खरी गंमत, किंवा खरी अडचण. प्रेअरीवर युक्रेनियन आणि जर्मन शेतकऱ्यांची मोठी वस्ती होती. त्यामुळे इंग्रजी मुलखात जातोय अशा समजुतीने निघालेल्या कित्येक जणी अशा घरात पडल्या, जिथे स्वयंपाकघरात इंग्रजी चालतच नव्हतं. सासू बोटाने दाखवायची, सून मान हलवायची. भाषा हेच ज्याचं भांडवल, अशा माझ्यासारख्याला त्या पहिल्या हिवाळ्याची कल्पनाही करवत नाही.

मळणीच्या दिवसांत गडीमाणसांचा ताफा शेतावर येई. त्यांना सकाळी नाश्ता, दोन जेवणं आणि मधल्या वेळी दोनदा खाणं शेतात पोहोचवायचं. त्या धामधुमीत नवी सून घरची झाली तर झाली. अंडी आणि साय विकून आलेले पैसे मात्र बहुधा बाईच्या हातात राहत. त्यातून ती माहेरी पार्सल धाडी.

कारण माहेरी अजून रेशन होतं. युद्ध चालू असताना पावावर रेशन नव्हतं, ते लागलं शांतता आल्यावर, जुलै १९४६ मध्ये. त्याच महिन्यात ब्रिटनने कॅनडाशी चार वर्षांचा गहू खरेदीचा करार केला. म्हणजे आईच्या ताटात येणारा पाव कदाचित लेकीच्याच प्रांतातल्या गव्हाचा!

गहू समुद्र ओलांडून जात होता, लेकीला जाता येत नव्हतं. सरकारने दिलेलं तिकीट एकेरी होतं. परतीचं भाडं स्वतः भरायचं, आणि नव्या शेतकरी संसारात ते उरणार कुठून? आधी कर्ज, मग ट्रॅक्टर, मग मुलांचे बूट. सस्कॅचवानमध्ये खेड्यांना वीज देण्याचा कायदा १९४९ मध्ये झाला आणि पुढच्या काही वर्षांत शेतावरच्या घरात दिवा लागला. माहेरची वाट उघडायला कित्येकींना त्याहून जास्त वर्षं लागली. काही जणी पोहोचल्या तेव्हा दार उघडायला आई नव्हती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)