बंदुकीआधी पुरावा

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ दहा जण उतरले. कराचीहून निघालेल्या या टोळीने वाटेत ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी नौका बळकावली होती. २९ तारखेच्या सकाळी ताज हॉटेलातला शेवटचा हल्लेखोर मारला गेला, तोवर १६६ माणसांचा जीव गेला होता. यानंतरही लोकशाही देशाला आपल्या नागरिकांचे दहशतवादापासून रक्षण करण्याचा अधिकार आहे का, असे कोणी विचारले तर उत्तर एकच: आहे, आणि तो निर्विवाद आहे. सामान्य नागरिक बंदूक बाळगत नाही. घरातला माणूस मारला गेला तरी तो सूड घ्यायला निघत नाही, कारण ते काम त्याने राज्यावर सोपवलेले असते. म्हणजे अधिकार मुळात त्या नागरिकाचा, सरकारच्या वाट्याला येते ते कर्तव्य. हे कर्तव्य कशाने पार पडते, इथे मात्र मतभेद आहेत. माझे मत असे, की त्यासाठी बंदूक लागतेच, पण तिच्याआधी पुरावा लागतो. मुंबईतल्याच दोन खटल्यांनी हे दाखवून दिले आहे.

पहिला खटला त्या दहा हल्लेखोरांपैकी एक असलेल्या कसाबचा. गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी, हाती फक्त लाठी असताना, कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. म्हणून तो जिवंत हाती लागला. त्यानंतर ‘अशा माणसाला वकील कशाला, चौकात फाशी द्या’ ही भाषा नाक्यानाक्यावर ऐकू येत होती. ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांचा तो संताप खोटा नव्हता. तरीही आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात सहाशेहून अधिक साक्षी नोंदवल्या गेल्या. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरची छायाचित्रे, हल्लेखोरांची सीमेपलीकडच्या सूत्रधारांशी झालेली आणि पोलिसांनी टिपलेली संभाषणे, ‘कुबेर’वर सापडलेले जीपीएस यंत्र, सगळे न्यायालयापुढे आले. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी तिच्यावर शिक्कामोर्तब केले आणि २१ नोव्हेंबरला येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. सगळे मिळून चार वर्षांच्या आत. याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि त्यांची सुटका सर्वोच्च न्यायालयातही टिकली. त्यामुळेच कसाबच्या शिक्षेकडे कोणाला बोट दाखवता आले नाही. आधी कानांवर हात ठेवणाऱ्या पाकिस्तानला, भारताने पुरावे पुढे ठेवल्यावर, फेब्रुवारी २००९ मध्ये कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचे कबूल करावे लागले. आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने याच कटातला आरोपी तहव्वूर राणा याला भारताच्या ताब्यात दिले, तेही तिथल्या न्यायालयांत त्याचे सगळे आक्षेप फेटाळले गेल्यावर.

यावर रास्त आक्षेप असा, की न्यायालयाचा हात सीमेपलीकडच्या सूत्रधारापर्यंत पोहोचत नाही. खरे आहे. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम ५१ सशस्त्र हल्ला झालेल्या देशाला स्वसंरक्षणाचा हक्क देते, आणि सुरक्षा परिषदेचा २००१ चा ठराव क्रमांक १३७३ दहशतवाद्यांना आसरा देण्यास प्रत्येक देशाला मनाई करतो. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमधल्या पहलगामला दहशतवादी हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलहून गेलेले पर्यटकही होते. ७ मे रोजी भारताने पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या नऊ ठिकाणांवर हल्ले केले. आसरा देणारे राज्य स्वतः काही करणार नसेल तर अशी कारवाई न्याय्यच ठरते, असे मी मानतो. मात्र ती तळांपुरती असावी, तिथल्या वस्तीवर नसावी, आणि नेमका कोणता तळ याचे उत्तर आपल्या हाती असावे. तिथेही गरज पुराव्याचीच.

दुसरा खटला मनाला चटका लावतो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी दगावले. आरोपींवर मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला. या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाबही पुरावा ठरतो, एरवी तसा तो ठरत नाही. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब विश्वासार्ह नव्हते, महत्त्वाचे साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी बोलले, बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. ‘हक्कांची भाषा पोलिसांचे हात बांधते’ असे म्हणणाऱ्यांनी या निकालाचा विचार करावा. इथे कायद्याने हात मोकळेच ठेवले होते, कबुलीजबाबाची सोयही दिली होती, आणि तपास त्या सोयीवरच विसंबला. हे आरोपी खरोखर निर्दोष असतील, तर एकोणीस वर्षे भलतीच माणसे गजाआड होती आणि खरे मारेकरी मोकळे फिरत होते. दोषी असतील, तर ढिसाळ तपासाने त्यांना सोडवले. दोन्ही बाजूंनी नागरिकाचे रक्षण झालेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडले नाही. त्या सात डब्यांत बॉम्ब कोणी ठेवले, हे मृतांच्या घरच्यांना आजवर कोणीही खात्रीने सांगू शकलेले नाही.