परकोटातल्या गल्लीत निळा ठिपका का भटकतो?

मागच्या नवरात्रात अकोल्याहून आजीला घेऊन अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला गेलो होतो. गर्दीचा अंदाज होता, म्हणून निघतानाच तिच्या फोनवरून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर 8 तासांचं लाइव्ह लोकेशन सुरू करून ठेवलं. म्हटलं, आता टेन्शन नाही. अंबादेवीचं दर्शन झालं, शेजारच्या एकवीरा देवीकडे वळलो आणि तेवढ्यात आजीचा हात सुटला.

फोन काढला. ठिपका म्हणत होता, आजी पलीकडच्या गल्लीत. मी तिकडे पळालो. तिथं कोणीच नाही. मग ठिपका उडी मारून तिसरीकडेच गेला. आजीला शुगर, त्यात सकाळपासून उपास. वीस मिनिटं नुसता घाम फुटला होता. शेवटी कॉल लागला.

"अरे, मी इथंच त उभी हावो, नारळाच्या दुकानापाशी. तुह्या फोनले काय समजते?"

आजीचा प्रश्न रास्त होता. फोनला नेमकं काय समजतं?

मित्रांनो, जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत वेळ सांगत राहतात. फोन त्यांना काहीही पाठवत नाही, फक्त ऐकतो. सिग्नल निघाला कधी आणि पोचला कधी, यावरून तो उपग्रहाचं अंतर काढतो. अशी किमान चार उपग्रहांची अंतरं जुळली की तुमची जागा कळते. सगळा खेळ वेळेचा आहे. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर 300 मीटरनं चुकतं.

नेहरू मैदानात उभे राहा, वर मोकळं आभाळ असतं. तिथं साधा फोनही साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. आता जवाहर गेटमधून आत शिरा. पेंढाऱ्यांच्या भीतीनं निजामाच्या काळात बांधलेला हा दगडी परकोट. आत चिंचोळ्या गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना उंच घरं. आभाळाची फक्त एक पट्टी दिसते. बरेच सिग्नल सरळ येतच नाहीत, समोरच्या भिंतीवर आपटून येतात. भिंतीमुळे सिग्नलला 30 मीटर जास्त चालावं लागलं, तर फोनला वाटतं उपग्रहच तेवढा लांब आहे. मग ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. अकोल्यात मोर्णा ओलांडून असदगडाच्या आसपास जुन्या शहरात फिरलात, तर दाट वस्तीत हाच अनुभव येईल.

ही काही फक्त वऱ्हाडाची रड नाही. टोकियोत शिंजुकूसारख्या भागात फिरणाऱ्या पर्यटकांचा ठिपकाही उंच इमारतींमध्ये असाच भरकटतो. त्यात तिथल्या बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात, पत्ता ब्लॉकच्या नंबरांवर चालतो. म्हणजे नकाशाशिवाय गत्यंतर नाही. म्हणून जपाननं 'मिचिबिकी' नावाचे स्वतःचे उपग्रह सोडले. पहिला 2010 मध्ये गेला आणि चार उपग्रहांची पूर्ण सेवा 2018 मध्ये सुरू झाली. त्यांची कक्षा अशी आखली आहे, की एक तरी उपग्रह जपानच्या जवळपास डोक्यावर असतो. सरळ वरून येणारा सिग्नल इमारतींच्या फटीतही उतरतो. मला ही कल्पना फार आवडली. आपल्याकडे इस्रोचं 'नाविक' आहे, पण ते तुमच्या फोनच्या चिपला चालतं का, हे खरेदीआधी पाहावं लागतं. त्याच वेळी 'एल5' आहे का तेही बघा. या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सरळ आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा ओळखणं चिपला सोपं जातं. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा मी तरी हे आधी बघतो.

आजीच्या बाबतीत मात्र भिंतींचाच दोष नव्हता. तिचा फोन बटव्यात, बॅटरी सेव्हर चालू. अशा वेळी फोन जागा कमी वेळा तपासतो. वर हजारो लोक एकाच टॉवरवर. जागा सापडली तरी ती माझ्यापर्यंत पोचवायला नेट लागतं, आणि नेट तुंबलेलं. मी पाहत होतो तो ठिपका जुना होता. लाइव्ह लोकेशनमध्ये नावाखाली शेवटचं अपडेट किती वेळापूर्वीचं ते लिहिलेलं असतं. घाबरलेल्या माणसाचं तिकडे लक्ष जात नाही, माझंही गेलं नाही.

नकाशात ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, तेही बघत जा. फोन म्हणतोय, "मी या वर्तुळात कुठंतरी आहे." वर्तुळ मोठं दिसलं तर ठिपक्यामागे पळू नका, चौकात किंवा मोकळ्यावर या आणि अर्धा मिनिट थांबा. शहराचा नकाशा घरच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून ठेवा. जागा ओळखायला नेट लागत नाही, त्यामुळे रेंज गेली तरी ठिपका त्या नकाशावर दिसत राहतो.

यंदा श्रावणात राजराजेश्वराची कावड बघायला आजी सोबत होती. बॅटरी सेव्हर मी बंद करून दिला होता. तिनं मात्र घरातून निघतानाच सांगितलं, "चुकलो त मी देवळाच्या पायरीपाशी बसतो, तू तिथंच ये."