भट्टीवरची दुसरी भाषा

मुळशी तालुक्यातले रिहे पुण्यापासून फार दूर नाही. तेथे सगळ्यांची बोली एकच, मावळी मराठी, असे आम्ही धरून चाललो होतो. त्या बाजूच्या एका वीटभट्टीवर आमची ही समजूत मोडली. कातकरी मजूर मुकादमाशी मराठी बोलत. तो पाठमोरा झाला की आपसांत कातकरी बोलत. आम्हाला ती अर्धीमुर्धीच उमगली.

खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या वन कायद्याने सरकारी जंगले राखीव होत गेली आणि हा धंदा बसला. मग कोळसा पाडणे, वीट थापणे आणि नव्या धन्याची भाषा शिकणे आले. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या १९०५ च्या खंडात या बोलीची गणना कोकणातल्या 'मोडक्या' बोलींत झाली. पण बोली मोडकी नसते. तिला स्वतःचे व्याकरण असते. मोडका असतो तो बोलणाऱ्याचा संसार. गंमत अशी, की कातकऱ्याला दोन भाषा येतात, मुकादमाला आणि मास्तरांना त्याची एकही येत नाही. तरी अडाणी म्हणायचे ते कातकऱ्याला!

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हे. हंगामापूर्वी उचल द्यायची आणि हिशेब पावसाच्या तोंडावर करायचा, ही भट्टीची रीत. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आम्ही आमच्या मराठीत समजावला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एका म्हातारीने तोच मजकूर त्यांच्या बोलीत सांगितला, आणि तेव्हा कोठे प्रश्न निघाले. "दादा, बाप मेला, त्याची उचल पोरानं फेडायची का?" नाही, वेठीचे कर्ज त्या कायद्याने रद्द झाले आहे. पण इतकी वर्षे हा प्रश्न विचारायला त्यांना भाषा कोणी दिली होती?

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात शाळेत ब्रेटन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाजेची खूण अडकवीत. आपल्याकडे खूण लागत नाही. वर्गातले हसू पुरते. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय असावी, असे १९५६ पासून आपली घटनाच सांगते. मास्तरांनी कातकरीतले शंभर शब्द शिकावेत, हिशेब मजुराच्या बोलीत वाचून दाखवावा, एवढे तरी आपल्या हाती आहे. आम्ही मंडळी आयुष्यभर बोलत आलो. ऐकायला त्या म्हातारीने शिकवले.