नालासोपाऱ्यात भाड्यासाठी खोली घेताना
धंद्यात चार पैसे उरले की आपले कारागीर बंधू नालासोपाऱ्यात भाड्यासाठी एखादी खोली घेतात. भाड्याची कमाई हलाल. पण जमीन कशाची, हे आधी पाहावे. अग्रवाल नगरीतील ४१ इमारती कचराभूमी व सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर उभ्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२४-२५ मध्ये त्या पाडल्या गेल्या. स्वस्त खोली अशी महाग पडते! सातबारा, महापालिकेची बांधकाम परवानगी व भोगवटा दाखला पाहिल्याखेरीज इसार देऊ नये. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावर आहे. नोंद नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य. हेवी डिपॉझिट घेऊन भाडे माफ करण्यात मात्र व्याजाचा संशय राहतो. मुफ्तीसाहेबांना विचारूनच तसा व्यवहार करावा.